पाप आणि गुंडी

माणसाचं काळीज आईच्या पोटात असतानाच धडधडायला लागतं आणि शेवटच्या श्वासापर्यंत एक क्षणही विसावा घेत नाही. माझ्या मुलीचं घ्यायचं.

हे आम्हाला ती पहिलीत गेल्यावर कळलं. तोवर आमची समजूत अशी होती की मुलगी शांत आहे. पाहुणे कौतुक करायचे. पळत नाही, हुंदडत नाही, बसवलं तिथं बसून राहते, किती समजूतदार पोर! मुलीच्या बाबतीत याला गुण म्हणतात, त्यामुळे त्यासाठी डॉक्टर गाठावा असं कुणाच्याच मनात आलं नाही. मग एका सकाळी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ती खाली पडली. बाईंना वाटलं, नाटक करते. दुसऱ्यांदा पडली तेव्हा त्यांनी फोन केला.

आम्ही सीमेपलीकडे, तेलुगू मुलखातल्या मावल्याला राहतो. नवरा मराठी शाळेत मास्तर आहे, मी उटनूरला महसूल कचेरीत कारकून. सासूबाई पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात एकट्या राहतात. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण आणि कापूस वेचणी केलेली ही बाई. बोलणं सगळं मराठीत, बाजारापुरती हिंदी. तेलुगू त्यांच्या कानांवर पडते, पण आत जात नाही. त्या आठवड्यात त्या आमच्याकडे आलेल्या होत्या, म्हणून दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. नवऱ्याला शिक्षकांच्या कसल्याशा प्रशिक्षणातून निघता आलं नाही. प्रशिक्षणाचा विषय ‘आनंददायी शिक्षण’ होता.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरानं मुलीचं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं. मग घड्याळ हलवून पाहिलं. मग दुसऱ्या डॉक्टराला बोलावलं. त्यानं आपल्या घड्याळावर मोजलं. दोन घड्याळं एकाच वेळी बंद पडत नाहीत, असं दोघांच्याही लक्षात आल्यावर ते एकदम फार नम्र बोलायला लागले. डॉक्टर नम्र झाला की काहीतरी वाईट आहे, एवढं मला कचेरीतल्या अनुभवावरून कळत होतं. आमच्याकडेही काम होणार नसलं की साहेब माणसाला खुर्ची देतात.

ईसीजीच्या खोलीत मुलगी आणि सासूबाई थांबल्या, मी खाली कागद करायला गेले. परत आले तर सासूबाई मुलीचा जबडा उघडून आत डोकावत होत्या.

“काय करून राह्यल्या, आत्याबाई?”

“गुंडी पाहून राह्यली. थ्या नर्सबाईनं सांगतलं ना, पोरीच्या छातीत गुंडी हाय म्हून.”

“कोनती गुंडी?”

“मले काय मालूम? फराकाच्या तं साऱ्या जागेवर हायेत, मी पाह्यल्या. तुह्या नवऱ्याच्या शर्टाची असंन. त्याच्या शर्टाले कधी गुंडी राह्यली का जागेवर?” मग आवाज खाली आणून, “मी दोन केळं चारले. निंगून जाते. तू घाबरू नको.”

मी नर्सला शोधून काढलं. ती चांगली मुलगी होती. तिनं आपलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. “पाप गुंडे चाला मेल्लगा कोट्टुकुंटुंदि.” मुलीचं काळीज फार हळू धडधडतंय. काळजाला तेलुगूत गुंडे म्हणतात. आमच्याकडे गुंडी म्हणजे सदऱ्याचं बटण. नर्सनं बोलताना छातीवर बोट ठेवलं होतं, त्यामुळे गिळलेली वस्तू कुठवर पोचली तेही सासूबाईंना कळलं होतं.

“गुंडी नाई, आत्याबाई. गुंडे. तेलुगूत काळजाले गुंडे म्हन्ते.”

त्यांनी विचार केला. “काळजाले गुंडे म्हन्ते? मंग पोलिसाले काय म्हन्ते?”

मी हसले. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यानंतर बरेच दिवस मी हसले नाही आणि रडलेही नाही. लोक पुढे याला धीर म्हणाले. धीर नव्हता. इंजेक्शन दिल्यावर दाताचा डॉक्टर हिरडीला टोचून विचारतो ना, काही जाणवतं का, आणि आपण नाही म्हणतो, तसं होतं. फक्त ते हिरडीपुरतं नव्हतं.

दवाखान्यानं आम्हाला हैदराबादला पाठवलं. तिथल्या काळजाच्या तज्ज्ञांच्या टेबलावर प्लास्टिकचं काळीज ठेवलेलं होतं, सीताफळाएवढं, त्याचे भाग वेगळे करता येत होते. त्यांनी एक भाग काढून हातात घेतला आणि हिंदीत सांगायला सुरुवात केली. काळजात वर दोन खोल्या, खाली दोन. वरून विजेचा इशारा निघतो, एका वाटेनं खाली येतो आणि खालच्या खोल्या आकसून रक्त पुढे ढकलतात. तुमच्या मुलीत ती वाटच तयार झालेली नाही. वरच्या खोल्या वेळेवर इशारा देतात. खालच्यांपर्यंत तो पोचत नाही. खालच्या आपल्या सवडीनं काम करतात.

“म्हणजे हुकूम निघतो, तामील होत नाही,” मी म्हटलं.

तज्ज्ञ थांबले. त्यांच्या हातात काळजाचे आणखी भाग काढायचे बाकी होते. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली आहे, हा आजार मला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी जरा नाराजीनंच काळीज पुन्हा जोडून ठेवलं.

उपाय एकच होता, पेसमेकर. वाटेवर कुणी निरोप पोचवत नाही, तर बाहेरून निरोप्या नेमायचा. मोठ्या माणसाला तो खांद्याखाली बसवतात आणि तारा शिरेतून आत सोडतात. लहान मुलांच्या शिरा बारीक असतात, म्हणून त्यांची पेटी पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि तारा काळजाला बाहेरून टाचतात. काही वर्षांनी बॅटरी संपते, मग पेटी बदलायची. मूल वाढतं, तार वाढत नाही. म्हणून आत थोडी ढिली तार गुंडाळून ठेवतात. तरी ती कधी ताणली जाते, कधी तुटते. मग तीही बदलायची.

“असं कुठवर?” नवऱ्यानं विचारलं.

“लाइफ लाँग,” तज्ज्ञ म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा उतरला. मला मात्र ते शब्द बरे वाटले. तोवर तिच्या बाबतीत या दोन शब्दांची जोडी कुणी केली नव्हती.

हे का झालं, असंही त्यानं विचारलं. मास्तरांना कारण लागतं. कधी कधी आईच्या रक्तात काही घटक असतात, ते बाळाच्या काळजाची वाट बिघडवतात, असं उत्तर मिळालं. माझं रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. मी निर्दोष असल्याचं लेखी मिळालं. सासरी असा कागद फार कमी बायकांकडे असेल. पण मला त्याचा आनंद झाला नाही. निदान कारण तरी सापडलं असतं.

ऑपरेशनला वेळ होता, त्या काळात घरी लोक यायचे. शेजारीण म्हणाली, बासरला नेऊन आणा, विद्येच्या देवीच्या पायावर घाला. आम्ही बौद्ध आहोत हे तिला माहीत होतं, पण संकटात माणूस बदलतो अशी तिला आशा होती. नवरा म्हणाला, “काकू, तिथं अक्षरं गिरवून घेते. ठोके नाई.” नवऱ्याचे एक सहकारी रोज सकाळी मोबाइलवर उगवत्या सूर्याचं चित्र आणि त्याखाली हृदयाविषयी एक वाक्य पाठवायचे. वाक्य रोज वेगळं, सूर्य तोच. मी रोज उटनूरला जात होते. तिथं दरख्वास्ती घ्यायच्या, शिक्के मारायचे, साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या. सगळ्यांना वाटायचं मी कामात मन रमवते. मन कुठं होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण शिक्के सरळ पडत होते.

ऑपरेशनच्या दिवशी मुलीला चाकाच्या खाटेवरून आत नेलं. खाटेवरून जायला मिळतंय म्हणून ती खूश होती. दार बंद झालं. नवरा औषधं आणायला खाली गेला. मी आणि सासूबाई बाकावर बसलो. समोर भिंतीवर टीव्ही होता, त्यात तेलुगू मालिकेतल्या बायका आवाज बंद करून रडत होत्या. सासूबाईंच्या मांडीवर भाकरीचं फडकं होतं, ते त्या सोडत आणि पुन्हा बांधत होत्या.

थोड्या वेळानं दार उघडून एक नर्स बाहेर आली आणि मोठ्यानं म्हणाली, “पाप अम्मा एवरु?”

मला कळलं, पण उठायला वेळ लागला. त्याआधी सासूबाई उठल्या होत्या. त्या नर्ससमोर गेल्या आणि त्यांनी हात जोडले.

“मी हाव. पाप माह्यं हाय, बाई. पोरीचं नाई, तिच्या मायचं बी नाई. माह्यं हाय.”

नर्सला मराठी येत नव्हती. ती म्हणाली, “अम्मा, कूर्चोंडि.” बसा. आणि तिनं त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मुलीचा कुठला दात हलतो का, एवढंच तिला विचारायचं होतं. भूल देताना नळी घालतात, हलणारा दात पडून घशात जाऊ शकतो. खालचा समोरचा हलतो, मी सांगितलं. ती आत गेली.

सासूबाई अजून हात जोडून उभ्या होत्या. मी त्यांना बाकावर आणलं.

“आत्याबाई, कोनतं पाप?”

“आता लपवू नको वं. थे पयल्या दिसी नर्सबाई बोलली होती ना, पाप गुंडे म्हून. गुंडीचं तू समजून सांगतलं. पापाचं काई बोलली नाई. मले वाटलं, म्हातारीच्या तोंडावर कशी बोलंन, म्हून चूप हाय.”

त्याच पुढे म्हणाल्या, “तू पोटुशी होती तवा मी काय म्हनलं होतं, याद हाय ना तुले?”

मला आठवत होतं. चुलीपुढं बसून त्या म्हणाल्या होत्या, पोरगी झाली तं मी पाह्याले येनार नाई. मग पोरगी झाली आणि तिसऱ्या दिवशी त्या आल्या, डिंकाचे लाडू घेऊन. लाडवांत गूळ जास्त झाला होता.

“मले नाई याद,” मी म्हटलं.

“मले हाय.” फडक्याची गाठ पुन्हा सुटली. “मांगच्या जन्माचं गिन्माचं मी मानत नाई. थे सारं थोतांड हाय, विहारात मीच सांगतो बायाइले. पन हे तं याच जन्माचं हाय. माह्याच तोंडचं.”

ही बाई गावात कुणी भानामती म्हटलं तरी भांडायला उठते. गेले कितीतरी दिवस ती हा शब्द एकटीच बाळगून होती. गुंडीची गोष्ट तिनं गावभर हसून सांगितली होती. पापाची कुणालाच सांगितली नव्हती.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “तेलुगूत पाप म्हंजे बारकी पोरगी. पाप अम्मा एवरु म्हंजे पोरीची माय कोन हाय. बस, येवढंच.”

“लेकराले पाप म्हन्ते?”

“लाडानं म्हन्ते.”

“लाडानं?” त्यांनी टीव्हीतल्या रडणाऱ्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “अन् पोराले?”

“बाबू.”

“पाहा,” त्या म्हणाल्या. “पोराले बाबू अन् पोरीले पाप. अन् मले उगाच एकलीले लागून राह्यलं होतं.”

त्यांनी भाकरी काढली, चटणीशी खाल्ली. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मलाही अर्धी दिली. अशा वेळी काहीतरी वाटायला हवं, हे मला माहीत होतं. मी वाट पाहिली. काही आलं नाही. भाकरी चावली, गिळली. नंतर डॉक्टर आले आणि मशीन चालू झालं आहे, ठोके बरोबर पडत आहेत, म्हणाले. नवरा भिंतीकडे तोंड करून रडला. मी विचारलं, दात पडला का. नाही म्हणाले.

मुलगी घरी आली ती वेगळीच. पहिल्या महिन्यात जखमेमुळे जपून होती, आणि मग पळायला लागली. शांत, समजूतदार पोर संपली. खाटेवरून उड्या मारायची, कोंबड्यांच्या मागे लागायची, रात्री झोपायची नाही. पाहुणे म्हणू लागले, फार लाडावून ठेवली. मी तिला पळताना पाहायची आणि मनात फक्त एकच विचार यायचा, तार. आत गुंडाळून ठेवलेली तार, ती किती ढिली ठेवली असेल. डॉक्टर म्हणाले होते, चक्कर आली, पडली, किंवा पूर्वीसारखी मलूल झाली तर लगेच घेऊन या. मी तिच्या मलूल होण्याची वाट पाहत होते आणि ती भिंतीवर चढत होती.

सासूबाईंच्या गावी लोकांना आतल्या वस्तूचं कुतूहल होतं. नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, बॅटरीवर चालतं. आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. त्यामुळे पोरं तिला अंधाऱ्या गोठ्यात नेऊन फ्रॉक वर करायला लावत आणि उजेड पडतो का पाहत. पडत नाही म्हटल्यावर एकानं निदान केलं की सेल डाउन झाले असतील. हे ऐकून सासूबाई गावातून पायीच फाट्यावर आल्या आणि तिथून मला फोन केला. “सेल तं बराबर हायेत ना, वं?”

त्याच गावात आमचा सत्कार झाला. भागातले एक नेते होते. ऑपरेशनची मंजुरी सरकारी योजनेतून आधीच मिळालेली होती, ती आपण मिळवून दिली हे जाहीर करायला त्यांना समाजमंदिरासमोरची जागा योग्य वाटली. मंडप, हार, माझ्यासाठी साडी, नवऱ्यासाठी शाल. उन्हाळ्यात शाल पांघरणं हे कर्तृत्वाचं लक्षण आहे, नवऱ्यानं ते घाम पुसत निभावलं. नेत्यांनी मुलीला उचलून टेबलावर उभं केलं आणि माइकमध्ये सांगितलं की या चिमुकलीच्या छातीत आज विज्ञानाची ज्योत तेवत आहे. असं म्हणून त्यांनी तिच्या छातीवर हात ठेवला.

“तिथं नाई,” मुलगी माइकमध्ये म्हणाली. “इथं हाय. पोटात.” आणि तिनं फ्रॉक वर केला.

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “पेटते का?”

नेत्यांनी भाषण आवरतं घेतलं. मी तेव्हाही हसले नाही. मी पाहत होते की ती टेबलाच्या काठावर उभी आहे.

दुसरीच्या वर्षात एक दिवस शाळेतून आल्यावर ती म्हणाली, चक्कर आली होती. मी विचारलं, पडली का? नाही म्हणाली. त्या आठवड्यात पुन्हा म्हणाली. तिची उंची वाढली होती, गेल्या वर्षीचे फ्रॉक गुडघ्यांच्या बरेच वर गेले होते. तार वाढत नाही हे मला आणि नवऱ्याला, दोघांनाही माहीत होतं. मी रजा टाकली, सासूबाईंना बोलावून घेतलं, आणि आम्ही चौघं हैदराबादला निघालो. पिशवीत चार दिवसांचे कपडे भरले. पुन्हा पोट उघडायचं तर तेवढे लागतात. ते भरताना माझे हात नीट चालत होते, घड्या सरळ पडत होत्या.

तपासणीच्या खोलीत मुलीला झोपवलं आणि तिच्या पोटावर कंप्युटरच्या माउससारखं एक यंत्र ठेवलं. पडद्यावर रेघ धावायला लागली. तज्ज्ञ म्हणाले, आता आम्ही मशीनचा वेग थोडा वेळ कमी करणार, म्हणजे तिचं स्वतःचं काळीज किती काम करतं ते दिसेल. त्यांनी बटण दाबलं. रेघेवरचे उंचवटे एकमेकांपासून दूर जायला लागले. एक उंचवटा यायचा, मग नुसती सपाट रेघ, मग पुन्हा एक. मी त्या सपाट रेघेकडे पाहत होते. सासूबाईंनी माझा दंड धरला होता. तो किती घट्ट धरला होता ते मला दुसऱ्या दिवशी, निळा डाग दिसला तेव्हा कळलं.

“आई, झोप येऊन राह्यली,” मुलगी म्हणाली.

तज्ज्ञांनी पुन्हा बटण दाबलं. उंचवटे जवळ आले. मग त्यांनी तारा तपासल्या, एक्स-रे उजेडात धरला. पोटात गुंडाळलेली तार त्यात दिसत होती, अजून ढिली, चकलीसारखी. तार शाबूत होती. बॅटरी शाबूत होती. पोट उघडायचं कारण नव्हतं.

“फिर चक्कर क्यों?” त्यांनी स्वतःशीच म्हटलं आणि मग आम्ही कुणी विचारलं नव्हतं ते मुलीला विचारलं. “बेटा, चक्कर कब आता?”

“फुगडी खेळल्यावर,” मुलगी म्हणाली.

तज्ज्ञांना फुगडी माहीत नव्हती. नवऱ्यानं हिंदीत समजावायचा प्रयत्न केला, पण तो व्याख्येवर अडला. शेवटी सासूबाईंनी माझा दंड सोडला, जवळच्या नर्सचे दोन्ही हात धरले आणि खोलीच्या मधोमध दोन गिरक्या घेऊन दाखवल्या. नर्स टेबलाला धरून उभी राहिली.

“ये तो मुझे भी आएगा,” तज्ज्ञ म्हणाले. खेळू द्या, पुढच्या तपासणीला सहा महिन्यांनी या. त्यांनी पेन उचललं. और कोई तकलीफ?

मुलगी मघापासून डोकं खाजवत होती. सासूबाईंनी तिचा भांग पाडून तज्ज्ञांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

काळजाच्या तज्ज्ञांनी त्या दिवशी लिहून दिलेलं एकमेव औषध उवांचं होतं. ते घरातल्या सगळ्यांनी लावायचं होतं.